तीन अंश

मी त्या खोलीत सुपरवायझर म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या हातात तीन महिने होते. साहेबांनी ते पहिल्याच भेटीत, चहा येण्याआधीच सांगून टाकलं. त्यांच्या दुकानांसाठी आणि बाहेरच्या काही ऑर्डरींसाठी आमच्या खोलीत चष्मे तयार होत. अकरा माणसं, दिवसाला सरासरी एकशेऐंशी चष्मे. तिसऱ्या महिन्यातल्या चोवीस कामाच्या दिवसांत मिळून पाच हजार दोनशेऐंशी चष्मे झाले, म्हणजे रोजचे दोनशेवीस, तर खोली राहील. नाही झाले तर काम बाहेरच्या मोठ्या कारखान्याला जाईल आणि अकरा जण घरी बसतील. बारावी मी. नवीन यंत्र मिळणार नव्हतं, नवीन माणूसही नाही.

मी भौतिकशास्त्र शिकलेली. आकडा आवाक्यातला आहे की नाही हे मोजल्याशिवाय घाबरायचं नाही, एवढं त्या शिक्षणाने नक्की दिलं होतं. म्हणून पहिला आठवडा मी फक्त मोजलं.

खोली लांबट होती. पूर्वेला दार, पश्चिमेला मोठी खिडकी. गोल भिंगं स्टोअरमधून यायची, खिडकीपाशी खुणांच्या टेबलावर त्यांच्यावर खुणा व्हायच्या, मग कडा घासायच्या यंत्रांवर ती फ्रेमच्या आकारात कापली जायची आणि शेवटी दारापाशी तपासणी. तपासणीला जी बाई होती तिला सगळे दुर्बीण म्हणत. केसाएवढा ओरखडा तिला हातभर लांबून दिसायचा आणि तो कुणामुळे पडला हेही ती सांगायची. खुणांच्या टेबलाचे प्रमुख मामा होते, सव्वीस वर्षं तिथेच. ते कुणाचे मामा हे कुणालाच आठवत नव्हतं.

दाराजवळच्या भिंतीवर एक फळा होता. माझ्या आधीच्या सुपरवायझरने लावलेला. ज्याच्या हातून भिंग वाया जाईल त्याचं नाव आणि समोर दर भिंगामागे एक उभी काटी. संध्याकाळी तो फळा मोठ्याने वाचला जायचा आणि सगळ्यांत जास्त काट्यांच्या धन्याला टाळ्या मिळायच्या. रोज चार, फार तर पाच काट्या. कागदावर ही खोली अगदी आदर्श होती.

पण एकशेऐंशी चष्म्यांना तीनशेसाठ भिंगं लागतात, आणि स्टोअरमधून रोज चारशेदहा जात होती. फळ्यावरची पाच सोडली तरी पंचेचाळीस भिंगं रोज कुठे जात होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी स्टोअरवाल्याला विचारलं. त्याने कानांवर हात ठेवले. ‘मागतात, मी देतो. भिंगं खातात का पितात, मला काय माहीत?’

उत्तर मिळायला फार शोधावं लागलं नाही. टेबलांच्या खणांत, रिकाम्या डब्यांत, यंत्रांच्या मागे, चुकलेली भिंगं सगळीकडे होती. काही घरी गेली होती. यंत्रावरच्या एकाच्या मुलींनी भातुकलीत त्यांच्या ताटल्या केल्या होत्या, हे पुढे त्यानेच हसत सांगितलं. तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं. मी घड्याळ लावून पाहिलं. एका भिंगाच्या खुणा करून ते कापायला सहा मिनिटं लागत. चुकलेलं भिंग लपवायचं, इकडेतिकडे बघायचं, काहीतरी निमित्त काढून स्टोअरमधून दुसरं आणायचं आणि हातातलं काम पुन्हा सुरू करायचं, याला चौदा. पंचेचाळीस गुणिले चौदा. रोजचे साडेदहा तास माणसं नुसती लपवण्यात घालवत होती. म्हणजे अकरांतला एक माणूस पूर्णवेळ आणि वर थोडा जास्तच, चोरून.

घरी जेवताना मी हे सांगितलं. सासूबाई रुग्णालयात सिस्टर होत्या, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ताटातल्या वाट्या अजून औषधांच्या ट्रेसारख्या ओळीत मांडतात. त्या म्हणाल्या, ‘ज्या मेट्रनच्या वॉर्डात वर्षभर एकही चूक नोंदलेली नसायची ना, तिथे मी आपलं माणूस कधी दाखल केलं नाही.’

नवरा म्हणाला, आई, हे तू आज सांगतेस, माझं अपेंडिक्स कुठल्या वॉर्डात काढलं होतं? त्यांनी त्याला आमटी वाढली आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी फळा पुसून टाकावा, असं मनात आलं होतं. पण पुसला असता तर लोकांनी एवढंच म्हटलं असतं की नव्या बाई दोन दिवस गोड बोलतील, मग आणखी मोठा फळा आणतील. मी काय करावं या विचारात होते, तेवढ्यात माझ्याच हातून घडलं.

काही डोळ्यांना सरळ नंबर पुरत नाही, त्यांना सिलिंडरचा नंबर लागतो. त्या भिंगाची ताकद एका ठरावीक दिशेने बसवावी लागते. ही दिशा शून्य ते एकशेऐंशी अंशांत लिहितात, आम्ही तिला ॲक्सिस म्हणतो. भिंग गोल असेपर्यंत ते हवं तसं फिरवता येतं. एकदा फ्रेमच्या आकारात कापलं की दिशा कायमची ठरते. त्या दिवशी मामांनी खुणा केलेली आठ भिंगं मी नंबर मोजायच्या यंत्राखाली धरून तपासली आणि आठही बाद केली. सत्तरच्या जागी एकशेदहा, तीसच्या जागी दीडशे. मामांनी ती आठ उचलली आणि फळ्यावर स्वतःच्या नावापुढे आठ काट्या ओढल्या.

जेवणाच्या सुट्टीत मला कळलं की आठही भिंगांत कागदावरचा आकडा आणि मला दिसलेला आकडा यांची बेरीज दर वेळी एकशेऐंशी होत होती. मी भिंगं उलटी धरली होती. मागची बाजू वर. उलट्या भिंगाचा ॲक्सिस आरशातल्यासारखा उलटा दिसतो. नव्वद आणि एकशेऐंशीला काही फरक पडत नाही, म्हणून आधीची दहा-बारा भिंगं बरोबर आली आणि मला शंका आली नाही. या कामात पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून होणारी चूक, आणि मी ती पदवीच्या ऐटीत केली होती.

सुट्टी संपल्यावर मी सगळ्यांसमोर मामांच्या आठ काट्या पुसल्या. खाली माझा हुद्दा लिहिला आणि पुढे आठ काट्या. मग काय झालं ते मोठ्याने सांगितलं, भिंग हातात धरून, कुठली बाजू वर होती ते दाखवून. यंत्रावरचे दोघे एकमेकांकडे बघत होते. दुर्बीण म्हणाली, ‘मॅडम, टाळ्या वाजवायच्या का? तशी पद्धत आहे.’

‘वाजवा,’ मी म्हटलं.

कुणी वाजवल्या नाहीत. मामा मात्र पहिल्यांदा हसले, मिशीतल्या मिशीत.

त्या संध्याकाळी फळा उतरवला. त्या जागी एक पत्र्याचा ट्रे ठेवला आणि शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या. भिंग चुकलं की ट्रेमध्ये टाकायचं, सोबत चिठ्ठी. किती वाजता, कुठल्या टेबलावर, काय झालं. नावाला जागाच नव्हती. नवीन भिंगांचा एक डबा ट्रेच्या बाजूलाच ठेवला, म्हणजे स्टोअरवाल्यासमोर कारणं रचायला नकोत. आणि सहा वाजता दिवे बंद. आधी लोक आठपर्यंत थांबायचे. ते ऐकून एकाने विचारलं, दोन तास कमी करून चाळीस चष्मे जास्त, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मी म्हटलं, बघू या.

पहिले चार दिवस ट्रेमध्ये तीन भिंगं आली. पाचव्या दिवशी नऊ. मग दुर्बिणीने आपल्या खणात साठवलेल्या सतरा चुका एकदम आणून ओतल्या आणि जाहीर केलं की आता खणात तिला जेवणाचा डबा ठेवता येईल. त्यानंतर बांध फुटल्यासारखं झालं. महिन्याच्या शेवटी एका दिवसात एक्केचाळीस भिंगं ट्रेमध्ये पडली.

नेमके त्या दिवशी साहेब आले. ते ट्रेकडे बघत राहिले. ‘पूर्वी दिवसाला पाच वाया जायची. तुम्ही आल्यापासून एक्केचाळीस?’

मी त्यांना सांगितलं की वाया पूर्वीही तेवढीच जायची, फक्त दिसत नव्हती. स्टोअरची वही समोर ठेवली. साहेबांनी ती वाचली. ते वाईट गृहस्थ नव्हते, हिशेबी होते, आणि हिशेब त्यांना पटत होता पण डोळ्यांसमोरचा ढीग पटत नव्हता. जाताना म्हणाले की दोन महिने उरलेत, त्यात काही बदल नाही. ते जिना उतरून गेल्यावर दुर्बीण पुटपुटली, ‘स्वतःच्या नाकावर बाहेरच्या कारखान्याचा चष्मा, आणि चालले आम्हाला नजर शिकवायला.’ ही गोष्ट खरी होती. आमच्या खोलीत सगळ्यांना ती माहीत होती आणि लागलेलीही होती.

त्या रविवारी मी घरच्या टेबलावर दोनशेतेहतीस चिठ्ठ्या पसरल्या. सासूबाईंनी गठ्ठे करायला मदत केली. वेळेप्रमाणे एक, टेबलाप्रमाणे एक. दुपार होईपर्यंत चित्र स्पष्ट दिसू लागलं. निम्म्याहून जास्त चुका ॲक्सिसच्या होत्या, आणि त्यातल्या जवळपास सगळ्या दुपारी दोन ते साडेचारमधल्या.

सोमवारी दोन वाजता मी खुणांच्या टेबलापाशी जाऊन बसले. अडीचला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं. भिंगावरच्या ठिपक्यांची सावली खालच्या अंशांच्या तबकडीवर पडत होती, तीही जराशी तिरपी. ठिपका कुठला आणि सावली कुठली हे पटकन कळत नव्हतं. फरक साधारण तीन अंशांचा.

‘हे किती दिवस असं आहे?’ मी मामांना विचारलं.

मामांनी बोटांवर मोजलं. टेबल इकडे सरकवल्याला चार वर्षं झाली होती. आधीच्या सुपरवायझरला त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं, तर ‘नाचता येत नाही म्हणून अंगणाला नावं ठेवू नका’ या थाटाचं काहीतरी ऐकावं लागलं. मग कुणी बोललं नाही. मामांनी स्वतःपुरता उपाय काढला होता. उन्हाच्या वेळी ते हाताने तीन अंश मागे घ्यायचे. त्यांच्या शेजारची बाई सगळी सिलिंडरची वेळखाऊ भिंगं सकाळीच उरकायची, त्यामुळे दुपारपर्यंत पुढची यंत्रं रिकामी बसायची. तिसरा पुठ्ठा आडवा धरायचा आणि एका हाताने काम करायचा. चार वर्षं प्रत्येक जण आपापली, कधी साधणारी कधी फसणारी युक्ती मुठीत धरून बसला होता, आणि शेजाऱ्याची युक्ती कुणालाच माहीत नव्हती.

आम्ही टेबल फिरवलं. चौघांनी उचललं, एक चतुर्थांश वळवून तबकडी उन्हाबाहेर आणली, पाय खाली टेकवले. अकरा मिनिटं लागली.

मग खोलीतून इतर गोष्टी बाहेर येऊ लागल्या. तिसऱ्या यंत्राच्या आवाजाने शेजारच्याचं डोकं दुखायचं, त्याच्याखाली रबर गेलं. दुर्बिणीचा दिवा पिवळा होता, पांढरा आला. संध्याकाळच्या शेवटच्या तासात चुका दुप्पट होतात हे चिठ्ठ्यांवर दिसलं, तेव्हा चार वाजता पंधरा मिनिटांची सुट्टी आम्ही सर्वांनी मिळून ठरवली आणि शेवटचा तास सोप्या नंबरांसाठी ठेवला. माणसं बोलू लागली होती, टोमणेही मारू लागली होती. मी कधी भिंग उचललं की कुठूनतरी आवाज यायचा, ‘बाजू बघा, बाजू.’ मॅडमची ताई कधी झाले ते मला नक्की सांगता येणार नाही. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस रोज दोनशेचार चष्मे होत होते, ट्रेमध्ये बारा-तेरा भिंगं, आणि सहाला दिवे बंद.

तिसऱ्या महिन्यात आकडा दोनशेवीसच्या आगेमागे हलत राहिला. तेवीस दिवसांत पाच हजार ब्याऐंशी झाले. शेवटच्या दिवशी एकशेअठ्ठ्याण्णव हवे होते. ते होणार याबद्दल मला शंका नव्हती, कुणालाच नव्हती.

त्या दिवशी एका बससेवेच्या चालकांची मोठी ऑर्डर पुरी करायची होती. गाडी साडेपाचला माल न्यायला येणार होती. सिलिंडरचे अवघड नंबर नेहमीप्रमाणे मामांसाठी ठेवले होते. चारच्या सुट्टीत साहेब येऊन दाराशी उभे राहिले, सहापर्यंत थांबतो म्हणाले. साडेचारला एकशेऐंशी चष्मे पेट्यांमध्ये होते. उरले अठरा. यंत्रावरच्या एकाने शीळ घालायला सुरुवात केली.

तेव्हा मामा उठून माझ्यापाशी आले. त्यांच्या हातात एक कोरी चिठ्ठी होती आणि ती त्यांनी अजून लिहिली नव्हती.

‘ताई, गडबड झाली,’ ते म्हणाले. ‘दुपारपासून घाईत हात जुन्या सवयीने चालला. मी तीन अंश मागे घेत बसलो. ऊन नसताना.’

‘किती?’

‘चाळीस चष्मे. सगळे पेट्यांत गेलेत.’

दुर्बिणीने मान वर केली. मोठ्या ऑर्डरीत ती दहातला एकच चष्मा तपासायची, आणि त्या दुपारी तिच्या हाती आलेले चारही नेमके हलक्या नंबरांचे होते, त्यांना तीन अंश चालून जातात. उरलेल्या जड नंबरांना चालत नाहीत. माणसाला दाराची चौकट किंचित कललेली दिसते, संध्याकाळी डोकं ठणकतं, आणि तो आपल्या डोळ्यांना दोष देतो. हा माणूस बस चालवणार होता.

मामा बोलले नसते तर कुणालाही कळलं नसतं. गाडी गेली असती, आकडा पुरा झाला असता. हे खोलीतल्या प्रत्येकाला त्या क्षणी कळत होतं, आणि साहेब चार पावलांवर उभे होते. शीळ थांबली होती.

‘पेट्या उघडा,’ मी म्हटलं.

दोघे पेट्यांकडे गेले, दोघांनी फ्रेममधून भिंगं काढायला घेतली, मामा आणि शेजारची बाई पुन्हा खुणांना बसले. स्टोअरवाला न मागता भिंगांचे डबे घेऊन आला, त्याला मी इतक्या वेगाने चालताना कधी पाहिलं नव्हतं. कुणी कुणाला बोललं नाही, म्हणजे बोललं, पण फक्त नंबर. गाडी आली, मी ड्रायव्हरला सकाळी या म्हणून सांगितलं आणि बससेवेच्या कचेरीत फोन करून कारणही सांगितलं. पावणेसहाला यंत्रावरचा एक जण म्हणाला, ‘ताई, आज आठपर्यंत थांबलो तर होऊन जाईल. एक दिवस.’

मला मोह झाला. पण शेवटच्या तासाच्या चिठ्ठ्या मीच भिंतीवर लावल्या होत्या, आणि हातात बसचालकांचे चष्मे होते. सहा वाजता दिवे बंद केले.

चाळीस वजा करून आणि नवे धरून त्या दिवसाचे एकशेएकाहत्तर झाले. महिन्याचे पाच हजार दोनशेत्रेपन्न.

‘सत्तावीस कमी,’ साहेब म्हणाले. खिडकीतून येणाऱ्या उजेडात सगळे आपापल्या जागी उभे होते.

‘हो. सत्तावीस कमी,’ मी म्हटलं. ‘चाळीस चुकीचे पाठवले असते तर तेरा जास्त झाले असते.’

त्यांनी ट्रेपाशी जाऊन वरची चिठ्ठी उचलली. मामांनी ती आता लिहिली होती. वेळ, टेबल, काय झालं. आणि कुणी सांगितलं नसताना खाली स्वतःची सही केली होती. साहेबांनी ती दोनदा वाचली.

‘चूक कुणी पकडली?’

‘ज्याने केली त्याने,’ दुर्बीण म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला आणि नाकाचं मूळ चोळलं. मी त्यांना हे अनेकदा करताना पाहिलं होतं, बैठकीत, जिन्यात, वही वाचताना. मला वाटायचं ती त्यांची विचार करायची लकब आहे.

‘हा घेऊन सात महिने झाले,’ ते चष्म्याकडे बघत म्हणाले. ‘संध्याकाळी डोकं दुखतं. त्या कारखान्याला दोनदा कळवलं. ते म्हणतात, आमच्याकडे चूक होतच नाही.’

दुर्बिणीने हात पुढे केला. साहेबांनी चष्मा तिच्या हातावर ठेवला. तिने तो यंत्राखाली धरला आणि दोन्ही भिंगांचे आकडे वाचून दाखवले. साहेबांनी पाकिटातून डॉक्टरांची घडी घातलेली चिठ्ठी काढली. उजव्या डोळ्याचा ॲक्सिस चिठ्ठीवर सत्तर होता. भिंगात चौसष्ट.

‘म्हणजे आमच्या दुप्पट,’ मघाशी शीळ घालणारा तो म्हणाला, आणि मग खोलीभर हसू पसरलं. साहेबही हसले, जरा उशिरा.

त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी ट्रेच्या शेजारच्या सकाळच्या कामाच्या गठ्ठ्यावर ठेवली, सगळ्यांत वर. मग माझ्याकडे वळून पुढच्या महिन्यात बससेवेची उरलेली ऑर्डर किती आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. बाहेरच्या कारखान्याचं नाव त्या दिवशी नाही, त्यानंतरही कधी निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी खोलीत शिरले तेव्हा मामा टेबलावर बसले होते. समोर साहेबांची चिठ्ठी, हातात नवं कोरं भिंग. अख्खी खोली कामाचा बहाणा करत तिकडे बघत होती.

‘ताई,’ मामांनी भिंग उजेडात धरून अगदी गंभीरपणे विचारलं, ‘कुठली बाजू वर ठेवायची म्हणालात?’